रामेश्वरला सोडलेलं चॉकलेट

॥ श्री वरदविनायक प्रसन्न ॥

दहिवली, कर्जत
गुरुवार, देवपूजा आटोपल्यावर

तीर्थस्वरूप जयावन्सं यांच्या चरणी धाकटी भावजय सुरेखा हिचा (कंबर धरली असल्यामुळे उभ्यानेच, पण मनातून पूर्ण वाकून) नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही उजवा लिहिला होता आणि फोनवर डावा सांगितलात, तेव्हा ही चौकशी दोन्हींची समजावी. मनोजभावोजींची साखर आता किती? त्यांना आमच्याकडून नमस्कार सांगा, पण हे पत्र वाचायला देऊ नका.

तुम्ही म्हणाल, लोकलने पंचवीस मिनिटांवर खोपोली, घरात चार मोबाईल, आणि सुरेखा कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानांवर पत्र लिहीत बसली आहे. त्याचं कारण असं की तुम्ही फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडता. मग आपलं बोलणं तुमच्या सुनेपासून जिन्यात उभ्या असलेल्या बाईपर्यंत खोपोलीचा सगळा शिळफाटा ऐकतो. मागे माझ्या पित्ताबद्दल मला तुमच्या वाण्याने विचारलं होतं. आजचं प्रकरण पित्ताचं नाही, देवाचं आहे, आणि त्यात माझी चूक आहे, म्हणून कागदावर. संतोषची कंपनी तुमच्या वाटेवरच आहे, त्याच्याकडे पिशवी देते आहे. पिशवीचं तोंड मी सुईदोऱ्याने शिवलं आहे (तो माझा मुलगा असला तरी माणूसच आहे).

आमची यात्रा देवदयेने नीट पार पडली. हरेशच्या गाडीत आम्ही सव्वीस बायका होतो. हरेश म्हणजे तुमच्या खोपोलीचाच, दरवर्षी दक्षिण दाखवतो तो. बायका झाडून सगळ्या भजनी मंडळाच्या, आणि पुढारी अर्थात खालापूरच्या सोनाबाई. वय पंच्याहत्तर, दात चार, पण सव्वीस बायकांनी काय खाल्लं आणि कोण कोणाच्या खिडकीत बसलं हे सगळं तोंडपाठ. रामेश्वरला आम्ही बावीस कुंडांचं पाणी डोक्यावर घेतलं. (तेविसावं हरेशने पाण्याची बाटली पाडली तेव्हा मिळालं.) मग ओल्यानेच एका ओवरीत बसलो, आणि तिथे सोनाबाईंनी काढलं, “इथं आलं की कायतरी सोडायचं असतंय गं. न्हाय सोडलं तर एवढ्या लांब येऊन केस तेवढं भिजलं म्हनायचं.” तिथला पंडितही लगेच पळी घेऊन तयार. तो आपल्या मोडक्या हिंदीत पुन्हापुन्हा सांगत होता की जे जिवाला आवडतं तेच सोडा. हे त्याचं वाक्य लक्षात ठेवा, वन्सं, पुढे लागणार आहे. तेव्हा मी ते ठेवलं नव्हतं.

बायकांनी धडाधड भाज्या सोडायला सुरुवात केली. कोणी दुधी सोडला, कोणी पडवळ, कारलं तर सात जणींनी. ती सगळी भाजी एका जागी रचली असती तर कर्जतचा आठवड्याचा बाजार भरला असता. (सुकट मात्र एकीनेही सोडली नाही. हे देवाच्याही लक्षात आलं असेल.) माझी पाळी आली तेव्हा मी अडले. कारल्याचा वेल आपल्या परसात आहे, दुधी शेजारून येतो, आणि बिनपैशाची भाजी देवासमोर सोडून मी वर्षभर काय रांधू? गोड सोडावं तर आपल्या घरी सणावाराला मीच चव बघते. तेव्हा मी शांतपणे विचार केला की आपल्या घरी काय येत नाही, आणि पाणी सोडून मोकळी झाले. म्हटलं, चॉकलेट. आयुष्यात दोनदा खाल्लं असेल, दोन्ही वेळा दुसऱ्याच्या वाढदिवसाला, आणि दोन्ही वेळा वाटलं की दूध करपलं. सोनाबाईंनी लगेच मान वळवली. “तू कवा खातेस गं चाकलेट?” मी म्हटलं, सोडायला आधी खावं लागतं असं कुठल्या पोथीत आहे? त्यांनी वळवलेली मान परत सरळ केली. आपण देवाला आणि सोनाबाईंना एकाच दिवशी जिंकलं, या आनंदात मी त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाऊन झोपले. तुम्हाला ठाऊक आहे, मी घरातल्या हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर देवाचंही लिहून ठेवते, बोललेले नवस, फेडलेले नवस, सोडलेल्या वस्तू. त्यात तारखेसकट लिहिलं : रामेश्वर, चॉकलेट.

देवदर्शन संपलं की हरेश दोन दिवस थंड हवा देतो, त्यासाठी उटीला नेतो. तिथे काय काय पाहिलं ते फोनवर सांगेन, ते सगळ्या शिळफाट्याने ऐकलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला चहाच्या कारखान्यात नेलं. वन्सं, आत पाऊल टाकलं आणि वास असा आला की मी चपला काढू लागले. हिरवा पाला एकीकडून जातो, मुरगळतो, काळा होतो, आणि शेवटी चाळणीवर नाचत येतो. मग प्रत्येकीला एवढासा कागदी पेला मिळाला. मी खुणा करून त्या माणसाला सांगत होते की बाबा, हा अजून उकळायचा राहिलाय, आणि तो हसून मान हलवत होता. प्यायले. चहाला पत्तीचीही चव असते हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं. इतकी वर्षं मी समजत होते की चव आलं, साखर आणि उकळण्याची असते, पत्ती रंगासाठी.

त्या चहाच्या तंद्रीतच मी पुढच्या दालनात गेले. तिथे एका टेबलामागे माणूस उभा. पांढरी लुंगी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, समोर पितळी दिसणारं तबक, आणि त्याच्यापुढे रांग. आता तुम्हीच सांगा, आठ दिवसांत सतरा देवळं झालेल्या बाईने काय करावं? माझा डावा हात आपोआप उजव्याखाली गेला. त्याने तळहातावर काळा तुकडा ठेवला. मी तो डोळ्यांना लावला, तोंडात टाकला, आणि बोटं डोक्यावरून फिरवली. माझ्यामागे पंचवीस बायकांनी तसंच केलं. दोघींनी तर टेबलावर पैसेही ठेवले. तो माणूस बिचारा उलट आम्हालाच नमस्कार करू लागला.

ते चॉकलेट होतं. तिथेच, त्यांच्या हातचं, त्या दिवशीचं केलेलं.

कसं लागलं हे लिहिण्याची मला लाज वाटते, पण लिहिते. आधी कडू. मग वाटलं कोणीतरी नाचणी तुपावर मंद भाजत आहे. मग जिभेवर ते आपलं आपण विरघळायला लागलं, मी काहीच केलं नाही, आणि तळाशी काजू सापडला. घरात कोणी नसताना पंख्याखाली बसल्यासारखं वाटलं. आणि वन्सं, तुमच्याशी खोटं बोलत नाही. पहिला तुकडा मी प्रसाद म्हणून खाल्ला. मग भिंतीवरची चॉकलेटची पाटी वाचली. मग पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. दुसरा तुकडा प्रसाद नव्हता.

बसमध्ये सोनाबाई माझ्याच शेजारी. “सुरेखा, काय खाल्लंस गं आत?” मी म्हटलं, प्रसाद. “कंच्या देवाचा?” मी पदराने ओठ पुसले. मग त्याच म्हणाल्या, “चाळीस वर्सं भजनात टाळ वाजवतेस, आन् देवाला फसवाया चार दिस पुरं झालं.” तेव्हापासून त्या मला मंडळात ‘चाकलेटबाई’ म्हणतात. तेही मी सोसलं असतं. पण मी घरच्यांसाठी म्हणून घेतलेला डबा कर्जत स्टेशनपाशी गाडीतून उतरेपर्यंत उन्हाने पातळ झाला होता. तो फ्रिजमध्ये ठेवायला जागा हवी म्हणून मी सुकटीचा डबा बाहेर गॅलरीत काढला, त्यावरून ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. ह्यांचं म्हणणं, चॉकलेट सोडलेल्या बाईच्या फ्रिजमध्ये चॉकलेट आणि सुकट वनवासात, हा कुठला धर्म? हर्षला, आमची सूनबाई, म्हणाली, आई, रामेश्वरला कुठे कळतंय. मी म्हटलं, बाळ, सोनाबाईंना कळतं, तर त्याला कळणारच.

पण मी हातपाय गाळणारी नव्हे. मी सरळ गुरुजींना गाठलं. ते नव्या टॉवरमधल्या कोणाच्या तरी वास्तुशांतीला निघाले होते, स्कूटर चालूच. त्यांनी सगळं ऐकलं आणि सांगितलं की सोडलेलं परत धरायचं असेल तर त्याहून आवडतं सोडावं लागतं. तुमचं आवडतं काय? माझ्या तोंडून ‘चहा’ निघून गेलं आणि मी पदराने तोंड दाबलं. ते म्हणाले, मग झालं की, आणि गेले. झालं की म्हणे. सकाळचा सोडू, दुपारचा सोडू की पाहुणे आल्यावरचा? आणि आत्ताच कुठे चहाला चव असते हे कळलेलं. तरी मी सवय व्हावी म्हणून तीन दिवस चहावाचून काढले. पहिल्या दिवशी गोडाच्या शिऱ्यात मीठ पडलं. दुसऱ्या दिवशी दूधवाला रडवेला होऊन गेला. तिसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतः चहा करून माझ्यापुढे आदळला आणि म्हणाले, तू काहीही खा, काहीही पी, पण आम्हाला जगू दे. ह्यांनी चहा केलेला मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला. तेव्हा चहा सुटणार नाही हे नक्की. आणि चॉकलेटचं काय करायचं, तेही मी ठरवलं आहे.

पिशवीत तीन वस्तू आहेत. एक रामेश्वरची वाळू, तुम्ही पुढच्या महिन्यात काशीला जाता आहात तेव्हा रिवाजाप्रमाणे गंगेत सोडायला. दुसरा चहा. तो उकळू नका, उकळत्या पाण्यात टाकून झाकण ठेवा आणि धीर धरा. तिसरा लहान डबा, तो आल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा. बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुमची
सुरेखा

ता. क. लहान डब्यात चॉकलेट आहे आणि ते तुमच्यासाठी नाही, राग मानू नये. ते बर्फाच्या डब्यातून काशीला न्या आणि विश्वनाथाला नैवेद्य दाखवा. त्यात अंडं नाही, मी तिथे तीनदा विचारून घेतलं आहे. नैवेद्य दाखवून परत आणाल तो प्रसाद, आणि प्रसाद नाकारणं हे संकल्प मोडण्याहून मोठं पाप. रामेश्वर आणि विश्वनाथ एकच, तेव्हा त्याने एका दारी घेतलेलं दुसऱ्या दारी परत दिलं, यात सोनाबाईंनाही बोलायला जागा नाही.

दुसरं ता. क. तुम्ही म्हणाल, बारा तुकडे किती दिवस पुरणार. आपण आंघोळीच्या बादलीत दोन थेंब गंगाजल टाकतो तेव्हा सगळी बादली गंगा होते की नाही? तसा त्या प्रसादाचा एक तुकडा पुढच्या डब्यात विरघळवायचा, मग त्यातला त्याच्या पुढच्यात. विरजणासारखं. हे जन्मभर चालेल. हरेश दरवर्षी उटीला जातो, मी त्याला सांगून ठेवलं आहे.

तिसरं ता. क. (शुक्रवार सकाळ. पिशवी उसवून पुन्हा शिवते आहे.) वरच्या दोन्ही ता. क. रद्द समजाव्यात. आज देवापुढे बसले तर त्या पंडिताचं वाक्य जाईना. जे आवडतं ते सोडा. वन्सं, रामेश्वरला मी पाणी सोडलं तेव्हा चॉकलेट माझं नव्हतंच, मी देवाला दुसऱ्याच्या शेतातलं दान दिलं. आज ते माझं आहे. आज सोडलं तर सोडलं म्हणता येईल. म्हणून वहीतली रामेश्वरची तारीख खोडली आणि आजची घातली. तेव्हा डबा काशीला नेऊ नका. तो तुमचा. भावोजींना देऊ नका, साखर आहे. रोज एकच खा, दुपारी, घर निजल्यावर. चावू नका, जिभेवर ठेवा, आणि आधी काय झालं, मग काय झालं, काजू कधी लागला, ते सगळं ओळीने मला लिहून कळवा. संतोषच्या हाती देऊ नका. तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे. तुमच्या सवयीप्रमाणे पोस्टकार्ड टाकू नका, त्यात मावणार नाही.