पाहुण्यासाठी लावलेली खोली

४ जून

चि. धाकलीस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.,

काल कपाट आवरताना ती मोठी पांढरी चादर हाती आली आणि एकदम बोर्डिंगची गच्ची आठवली. शनिवारी दुपारी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालायचं काम आपल्या दोघींकडे असायचं. दोन टोकं तुझ्याकडे, दोन माझ्याकडे. ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींजवळ यायचं. तू तुझी टोकं माझ्या हातात द्यायचीस आणि वाकून खालची घडी उचलायचीस. दर वेळी जवळ आलीस की जीभ काढून दाखवायचीस, मला हसू फुटायचं आणि शिवणाच्या सिस्टर खालून विचारायच्या की चादरीत हसण्यासारखं काय आहे. त्या दुपारी विशेष काहीच घडलं नव्हतं. तरी मला तीच आठवते.

तू म्हणशील, फोन असताना ताई पत्रं का लिहीत बसते. फोनवर तू बरी आहेस ना विचारतेस आणि माझ्या तोंडून हो निघून जातं. कागदावर तेवढं पटकन हो म्हणता येत नाही.

इकडची बातमी चांगली नाही. आमचा हॉटेल मॅनेजमेंटचा विभाग यंदापासून बंद. मुलं येत नाहीत, आलेली टिकत नाहीत. मुलींना खोली लावायला शिकवायचे ते पलंग परवा टेम्पोत घालून नेले. गादी उलटी ठेवलीत हो, असं मी त्या माणसांना सांगितलं, तर ते म्हणाले, आजी, भंगारात कसलं उलटं नि सुलटं. निवृत्तीनंतरही वसतिगृहाची देखरेख करते म्हणून मला क्वार्टर होतं. तेही आता सोडायचं आहे. पोटाचं दुखणं जुनंच आहे. डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या केल्या, ते भेटीत सांगेन.

एक विचारायचं होतं. थोडे दिवस तुझ्याकडे आले तर चालेल का? मागच्या खोलीत, आईच्या शिवणयंत्राशेजारी कुठेही पडेन. तुझ्या यजमानांना विचार. ते नाही म्हणाले तर खरं कळव, मी रुसणार नाही. रुसायचं खातं लहानपणापासून तुझ्याकडे आहे.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
ताई


११ जून

ती. ताईस धाकलीचा शि. सा. न. वि. वि.,

पत्र मिळालं. चालेल का म्हणून विचारतेस, तेव्हा तुझे कान ओढायला हवेत, पण तू मोठी, म्हणून राहिलं. यांना विचारलं. हे म्हणाले, त्यात विचारायचं काय. मग जरा वेळाने हळूच म्हणाले की न्हाणीघराची फरशी एकदा घासून घेऊ. मागे तू आली होतीस तेव्हा दाराच्या चौकटीवरून बोट फिरवून ते निरखून पाहिलं होतंस, तेव्हापासून यांनी तुझा धसका घेतलाय.

थट्टा राहू दे. तू आजवर आमच्याकडे सकाळी आलीस आणि संध्याकाळची गाडी धरलीस. पहिल्यांदाच राहायला येतेस, तेव्हा मला कमीपणा येऊ द्यायचा नाही. मागची खोली म्हणजे आमच्या घराचं पोट झालंय, जे कुठे मावत नाही ते तिथे. ती पार रिकामी करायला घेतली आहे. अगदी तुझ्या विद्यार्थिनींसारखी लावते की नाही बघ. किती दिवस राहणार ते कळव, म्हणजे यांना रजा टाकता येईल.

आणि तुझ्या भाचीने नवं खूळ काढलंय. तिला हॉटेल मॅनेजमेंटलाच जायचंय. हे म्हणतात, ताटं उचलायला डिग्री कशाला. घरात रोज वाजतंय. ती तुला लिहिणार आहे, तिला दोन गोष्टी समजावून सांग. कोणत्या, ते तू ठरव.

वाट बघतेय.

तुझीच,
धाकली


१८ जून

चि. चिंगीस मावशीचे पोटभर आशीर्वाद,

तुझं पत्र वाचून हसू आलं. या विषयात नेमकं शिकवतात काय, हे मला गेली कित्येक वर्षं सगळे विचारतात, आणि उत्तर ऐकायला फारसं कुणी थांबत नाही. तू थांबशील असं वाटतं.

सुरुवातीला चार दालनं असतात. एक स्वागतकक्ष. आलेल्या माणसाला नावानिशी ओळखायचं, खोली द्यायची, तो चिडला असेल तर का चिडलाय ते त्याच्या बोलण्याआधी ओळखायचं. दुसरं स्वयंपाकघर. तिथे चव नंतर, आधी सुरी कशी धरायची आणि अन्न कसं नासतं ते शिकवतात. तिसरं वाढप. ते तुझ्या बाबांना ताटं उचलणं वाटतं, पण जेवणाऱ्याला आपण आहोत हे कळू न देता त्याला काही कमी पडू न देणं फार कठीण आहे. चौथं हाउसकीपिंग, खोल्या आणि कपडे, म्हणजे मी. त्यावर मग खरं मॅनेजमेंट येतं. पुढच्या हंगामात किती खोल्या भरतील याचा अंदाज, माणसांच्या पाळ्या, खरेदी, हिशेब, कायदा, तक्रार ऐकून घेणं. शिकून मुलं फक्त हॉटेलात जात नाहीत. जहाजावर जातात, विमान कंपन्यांत जातात, हॉस्पिटलांत जातात. आमच्या इथल्या हॉस्पिटलची खोल्या-स्वच्छतेची प्रमुख माझीच विद्यार्थिनी आहे. वर्गात आम्ही तिला खारूताई म्हणायचो.

आता दुसरी बाजू. मधे काही महिने प्रत्यक्ष हॉटेलात काम करावं लागतं, तेव्हा निम्म्या मुली घरी फोन करून रडतात. पाय सुजतात. सगळ्यांची सुट्टी असते तेव्हा आपण कामावर असतो. चकचकीत माहितीपत्रक बघून आलेली मुलं एका वर्षात निघून जातात, आणि मी त्यांना दोष देत नाही. एवढी वर्षं शिकवून माझा विभाग मी वाचवू शकले नाही, तेव्हा तू येच असं कोणत्या तोंडाने सांगू?

माझ्या वर्गातल्या दोन गोष्टी मात्र लक्षात ठेव. खोली लावून झाली की दारात उभी राहून तपासू नकोस. पाहुण्याच्या पलंगावर आडवी हो आणि पडल्यापडल्या काय दिसतं ते बघ. त्याला तेच दिसणार आहे. दुसरी अशी की पाहुण्याच्या खोलीत आपल्या घराची एकही खूण ठेवायची नाही. ना फोटो, ना जुनं पांघरूण, ना अडगळ. खोली कुणाचीच नसली की मगच ती पाहुण्याला आपली वाटते. मात्र ती त्याला पुढच्या माणसासाठी सोडायची असते, आणि शहाणा पाहुणा कुणी सांगायच्या आधी उठतो.

आता तुला मोठी समजून एक सांगते. मी तुमच्याकडे थोडे दिवस म्हणून येतेय, पण माझ्याकडे फार दिवस उरलेलेच नाहीत. डॉक्टर स्पष्ट बोलले. जे काही उरलंय ते मला तुमच्या मागच्या खोलीत, तुम्हा सगळ्यांच्या पसाऱ्यात काढायचंय. तेवढं सगळं पत्रातून मागायचा धीर झाला नाही, म्हणून थोडे दिवस असं लिहिलं. आले की चहा झाल्यावर तुझ्या आईला मीच सांगेन. तोवर तू तोंड मिटून राहा.

तुझी,
मावशी


२९ जून

चि. धाकलीस अ. आ. वि. वि.,

इकडे परत सुखरूप पोहोचले. तुम्हा सगळ्यांच्या अगत्याने अगदी संकोचून गेले. खोली नंबर एक लावली होतीस. चादरीचे कोपरे पेटीसारखे, पाण्याचा पेला झाकलेला, टॉवेलांच्या घड्या एकावर एक. माझ्या वर्गात असतीस तर पहिली आली असतीस. तुझ्या यजमानांना सांग की न्हाणीघरही उत्तम होतं, मी चौकटीवर बोट फिरवलं नाही. त्यांनी माझ्यासाठी रजा घेतली, ती आता त्यांना परत कामी येईल.

इतक्या लवकर जाते म्हटल्यावर तू एकदम चहाची भांडी घासायला लागलीस. मनाला लावून घेऊ नकोस. इकडे क्वार्टर रिकामं करायचं काम पडलंय, एवढंच. निघताना तुझी चादर काढून घडी करून ठेवली. एकटीने घातली, म्हणून कोपरे जुळले नाहीत.

चिंगीला आशीर्वाद. तिला म्हणावं, बोलायची वेळ आली नाही.

कळावे.

ताई


६ जुलै

ती. ताईस शि. सा. न.,

तुझं पत्र आलं ते मी दोनदा वाचलं आणि मग चिंगीपुढे धरलं. हे असं पत्र तू परक्यांना लिहितेस, मला नाही. काय चुकलं ते सांग म्हणून पोरीच्या मागे लागले, तेव्हा ती रडत सगळं बोलली. आजार, डॉक्टर, मागची खोली. तुझं तिला आलेलं पत्रही दाखवलं.

ताई, अगं मी काय करून बसले. त्या खोलीत आईचं शिवणयंत्र होतं, आपल्या शाळेच्या फ्रॉकांची तिने शिवलेली रजई होती, भिंतीवर पुढचे दात पडलेल्या आपल्या दोघींचा फोटो होता, चिंगीची मोडकी सायकल होती. सगळं ओढून जिन्याखाली कोंबलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, राहू दे की तेवढा फोटो. मीच म्हटलं, नाही, माझी ताई या विषयात मास्तरीण आहे, तिला असलं चालत नाही. जन्मभर तू लोकांना शिकवलंस, मला वाटलं एकदा तरी तुझ्यासाठी कुणी तसं करावं. सगळं झाल्यावर पलंगावर आडवीसुद्धा झाले, तू नेहमी सांगतेस त्या पद्धतीने. छताला जळमट दिसलं ते काढलं. भिंतीवर फोटोच्या जागी फिकट चौकोन दिसत होता, तोही मला दिसला. यांना म्हटलं, रंगाचा हात मारायला हवा होता.

तू त्या पलंगावर पडून तो चौकोन बघत राहिली असशील. आणि मी बाहेर चहा करत होते, आणि तुला आवडली का खोली म्हणून ओरडून विचारत होते.

चिंगी म्हणते, तिला ते शिकायचं नाही. म्हणाली, "आपण खोली इतकी चांगली लावली ना, म्हणून मावशी गेली." 

रजई पुन्हा पलंगावर टाकली आहे. यंत्र आत घेतलं, सायकलसुद्धा. तू फक्त ये. नाहीतर मी न्यायला येते. तुझा फोन कुणी उचलत नाही.

तुझी,
धाकली


१० जुलै

चि. धाकलीस अ. आ. वि. वि.,

अक्षर माझं नाही. मी हॉस्पिटलातल्या खाटेवरून सांगतेय आणि खारूताई लिहितेय. मधेच तिच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरतो आणि तिला कुठल्यातरी वॉर्डात पळावं लागतं. मग मी पुढचं वाक्य तोंडात धरून बसते. हाताखाली माणसं नाहीत तिच्याकडे पुरेशी. तिने माझी खोली स्वतः लावली आणि आडवी होऊन बघायला तिला वेळ मिळाला नाही. मला वर दिवा दिसतो, तो डोळ्यांवर येतो. मी तिला सांगितलेलं नाही, आता लिहिताना तिला कळेल. रडू नकोस गं, लिही.

तुझं पत्र तिने वाचून दाखवलं. तुझं काही चुकलं नाही. मी शिकवलं ते तू केलंस, आणि मी शिकवलं तसंच त्या खोलीला वाचलं. दारातून बघितलं तेव्हा वाटलं, किती मन लावून केलंय. आडवी झाले आणि वाटलं, इथे आपलं कुणी नाही. चहाबरोबर सांगणार होते. पण अशा खोलीत मुक्काम मागता येत नाही. शहाणा पाहुणा आधी उठतो, म्हणून उठले. आमच्या अभ्यासक्रमात आपल्या माणसाची खोली कशी लावावी हा धडाच नव्हता. तो असायला हवा होता हे मला आत्ता सुचतंय, आणि आता वर्गच नाही.

डॉक्टर हलवायला नाही म्हणतात. मी दोनदा विचारलं. तू निघालीस असा निरोप खारूताईने आणला, म्हणून हे टपालात टाकायला सांगत नाही, उशीखाली राहील. तू आलीस आणि मी बोलत असले, तर फाडून टाक. नाहीतर असं कर.

माझं घड्याळ खारूताईला. तिचं सारखं मागे पडतं.

कपाटातली पुस्तकं संस्थेला देऊ नकोस, तिथे ती कुणाला नको आहेत. चिंगीने हे शिकायचं नाव काढलं तर तिला, नाही काढलं तरी तिलाच. तिला म्हणावं, खोली चांगली लागल्यामुळे मी गेले नाही. मी विचारलं नाही म्हणून गेले.

लोकरी शाल तुझ्या यजमानांना. पांघरताना ती चौकटीवरची धूळ आठवून त्यांना हसू येईल.

फोटो पुन्हा त्या फिकट चौकोनावर लाव. मागची खोली कुणाला लावून देऊ नकोस, तिला पोटच राहू दे. रजईचे कोपरे खोचायचे नाहीत.

मोठी पांढरी चादर कपाटात वरच आहे. ती एकीला द्यायची नाही. दोन टोकं तुला, दोन चिंगीला. जवळ आलात की टोकं तिच्या हातात दे, आणि खालची घडी तू वाकून उचल.

तुझी,
ताई