फुकटची पोती

३ फेब्रुवारी, सोमवार
आज शिवाजीनगरजवळच्या इस्पितळात रुजू झाले. पंचेचाळिसाव्या वर्षी नवी नोकरी, थाट बघा. काम काय, तर पेशंटांना खोदून खोदून विचारायचं: कुठे राहिलात, काय केलंत, घरात धूळ कसली होती. फुफ्फुसाच्या आवरणाला एक कर्करोग होतो, त्याचं मूळ ॲस्बेस्टॉसच्या धुळीत. आत गेलेली धूळ तीस-चाळीस वर्षांनी उगवते, असं डॉक्टर रघुनंदन म्हणाले. धाकट्या भावाला, श्रीहर्षाला, फोन केला तर म्हणतो, संपदाक्का, तुझा भोचकपणा एकदाचा पगारी झाला. गाढव कुठला. पण खोटं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
सकवारबाई, वय सदुसष्ट, आमच्याच आनेकल गावच्या. छातीत पाणी झालं; गावात टीबी समजून आठ महिने गोळ्या दिल्या. इथे तुकडा काढून तपासला, तेव्हा खरं कळलं, तोच कर्करोग. आता पाणी काढतात, केमो देतात. बऱ्या होणार नाहीत, श्वास स्वल्प सोपा होईल, एवढंच. बाई जन्मात कारखान्याची पायरी चढल्या नव्हत्या. तासभर डोकं खाल्लं तेव्हा आठवलं: नवरा सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यातून ॲस्बेस्टॉसची रिकामी पोती आणायचा, फुकट. ती दारात झटकायची आणि शिवून गाद्या करायच्या. मऊ असायच्या हो, म्हणाल्या.
माझं पेन थांबलं. आमचे अप्पा त्याच कारखान्यात होते.

१३ फेब्रुवारी
आई-अप्पा दोघंही गेले, आता विचारू कुणाला? पण मला आठवतंय. आई पोतं झटकायची आणि मी मुद्दाम खाली उभी राहायचे. केस पांढरे झाले की काठी टेकत म्हातारीची नक्कल करायचे. आई हसून हसून खाली बसायची.
भीती वाटते. सरळ लिहून टाकते, मला मरायचं नाही.

१९ फेब्रुवारी
जिना चढताना धाप लागते. आधीही लागायची का? चादरी दोनदा धुतल्या. वाळलेली साडी झटकायला हात उचलवत नाही. खिडकीतल्या उन्हात कण तरंगताना दिसले की श्वास रोखून बसते. डॉक्टर म्हणाले, अक्का, स्कॅन करून मोकळ्या व्हा. सरी, जाते म्हटलं. गेले नाही.

२५ फेब्रुवारी
सकवारबाईंचं पाणी पुन्हा भरलं. दीड लिटर काढलं. माझा हात सोडेनात. उद्या जाते स्कॅनला. उद्या नक्की —

२८ फेब्रुवारी
स्वच्छ. डॉक्टरांनी दोनदा पाहिलं. दरवर्षी दाखवा म्हणाले, पण आज काही नाही. बाकावर बसून रडले. मग दोन जिलब्या खाल्ल्या.
पण — मी उभी राहायचे ती खेळापुरती. झोपायचे आजीजवळ, तिच्या गोधडीत. पोत्यांच्या गादीवर झोपायचा श्रीहर्ष. दहा वर्षं. नाक खुपसून.

दुपारी
फोन लावला. एचएसआर भागातल्या ऑफिसात होता. माझ्या स्कॅनचं ऐकून केवढा खूश. पोत्यांचं विचारलं, हसला — हसताना मध्येच थांबला, श्वास घेतला —
कधीपासून, म्हटलं. म्हणाला, तू घर डोक्यावर घेशील म्हणून बोललो नाही. नोव्हेंबरात छातीत पाणी झालं होतं. टीबी आहे. मे महिन्यात गोळ्या संपल्या की ठणठणीत.
मी हो म्हटलं. हो म्हणाले मी त्याला, आणि —