पणजीचा चौकोन

बाबा, तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी चार शब्द बोलले, त्यात एक चूक होती. त्या इंग्रज उमराव घराण्याची वंशावळ तुम्ही भिंतीवर काढली होती, असं मी सांगितलं. भिंतीवर नव्हे, लाकडी कपाटाच्या डाव्या दाराला, आतल्या बाजूने. भिंतीला आईने हात लावू दिला नसता. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मला ते टोचत राहिलं. आता आईही नाही, तेव्हा दुरुस्ती तुम्हालाच कळवते.

शाळेत घालण्याआधी मला तुम्हीच शिकवलंत. बुधवार पेठेतून आणलेलं, पुठ्ठा निखळलेलं, त्या घराण्याच्या इतिहासाचं ते जाडजूड पुस्तक. मार्केट यार्डातली कारकुनी आटोपून यायचात, कपड्यांना कांद्याचा वास, आणि हातपाय धुऊन कपाट उघडायचात. "हा थोरला. वाडा, जमीन, सभागृहातली खुर्ची, सगळं ह्याचं. हा धाकटा, ह्याला धाडला सैन्यात." मी विचारायचे, "आणि मुली?" "मुली दुसऱ्या लॉर्डाच्या घरी." आजोबा मंत्री, मुलगा मंत्री, नातू पंतप्रधान. पुस्तक अर्धं झाल्यावर कळलं, बाप, लेक आणि पुतण्या म्हणून आपण तीन चौकोनांत बसवलेला माणूस एकच होता! थोरला भाऊ वारला तेव्हा वारस म्हणून त्याचं नाव बदललं, बापाची पदवी मिळाली तेव्हा पुन्हा बदललं. तुम्ही इतके हसलात की आई हातात लाटणं घेऊन बघायला आली.

उजव्या दारावर आपण. मी, तुम्ही दोघं, धम्मदीक्षा घेतलेले आजोबा, आजी. पणजोबांचं नाव आजोबांच्या नावामागे लागून आलं, म्हणून तेही होतं. पणजीचा चौकोन रिकामा. आजोबा कधीच गेले होते, म्हणून आपण गावी तुमच्या आत्याकडे गेलो. पणजीची ती धाकटी लेक. तिला तुम्ही आधी लॉर्डाची गंमत सांगितलीत. "एका मानसाला तीन नावं?" ती म्हणाली. "मंग आमच्या वाटनीची तिकडंच गेली म्हनायची!" हसू ओसरल्यावर तुम्ही विचारलंत, "आत्या, तुझ्या आईचं नाव काय गं?" ती सुपातली ज्वारी निवडत राहिली. "तिला नावानं कोन हाक मारत हुतं? कशाला काढतोस?" तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत.

मी आता कॉलेजात तासिकेवर इतिहास शिकवते. परवा त्याच घराण्यापाशी आले, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅम, सगळे एकाच घरचे? मग इलेक्शन कशाला घ्यायचे, टाइमपास?" वर्गाबरोबर मीही हसले. बिबवेवाडीत उतरेपर्यंत हसत होते. कुलूप काढलं आणि ध्यानात आलं, हे सांगायचं ते कुणाला. मग कपाट उघडून नुसतीच उभी राहिले.

काल आत्याआजीच्या सुनेचा फोन आला. "म्हातारीला मीबी वळखू येईना आता. पन दिसभर आईला हाका मारती बग. मधीच तिचं नाव घेती. तुज्या बाबाला पायजे हुतं न्हवं ते? येऊन ऐकून जा. लई दिस न्हाई काडायची ती." नाव काकूंच्या जिभेवरच होतं. मी म्हणाले, "थांबा काकू, सांगू नका. मी तिच्याच तोंडून ऐकते."

फोन ठेवल्यावर वाटलं, ऐकीव नाव लिहायला नको म्हणून थांबवलं. ते खरं आहे, पण तेवढंच नाही. चौकोन भरला की तुमचं माझं अर्धवट राहिलेलं शेवटचं काम संपेल, आणि मग ते दार उघडायला मला काही कारण उरणार नाही. इतकी वर्षं गावी गेले नाही, तेही यासाठीच असेल.

हे पत्र त्याच कपाटात ठेवते. येत्या रविवारी, पौर्णिमेला, सकाळच्या पहिल्या एसटीने मी जाणार आहे.