निरोगी रक्ताच्या नळ्या

प्रिय ताई,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस आणि माझ्या आवाजावरून लगेच संशय घेतेस, म्हणून हे पत्र. मध्येच उठून गॅस बघायला जाऊ नकोस.

माझी ती बोटभर पट्टी आठवते ना, टोकाला सोन्याचे कण लावलेली? कण इतके बारीक की पाण्यात सोडले तर पाणी लाल दिसतं. एवढ्या सोन्यात माझं कानातलंही होणार नाही, म्हणून तू नाक मुरडलं होतंस. मूत्रपिंड बिघडू लागलं की रक्तात एक प्रथिन वाढतं. ते त्या टोकाला चिकटलं की तिथली वीज बदलते आणि पडद्यावरच्या रेघेला उंचवटा येतो. आईचं दुखणं फार उशिरा कळलं, म्हणून तर मी या कामाच्या हात धुवून मागे लागले.

तुलनेला निरोगी रक्त लागतं. सुट्टीत आलीस तेव्हा, घे हवं तेवढं, म्हणत तूच हात पुढे केलास. ते छोट्या नळ्यांत भरून मी गोठवलं आणि इतके महिने तेच वापरलं. पट्टी काही केल्या चालेना. रुग्णांच्या रक्तात उंचवटा, तुझ्याही रक्तात तेवढाच. प्रयोगशाळेच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत मी कण पुन्हा पुन्हा बनवले, सरांची बोलणी खाल्ली. तुझ्या नळ्यांवर संशय घ्यावा असं मनातही आलं नाही.

परवा त्या संपल्या. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं रक्त दिलं आणि रेघ सपाट आली. आणखी दोघांची घेतली, तीही सपाट. पट्टी पहिल्यापासून बरोबरच होती. सरांनी केक मागवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी केक तसाच ठेवून तुझ्या जुन्या रेघा पुन्हा बघायला गेले. रक्त देणाऱ्याला निकाल सांगायचा नाही, या नियमाखाली माझीच सही आहे. पट्टी खरी असेल तर तू आजारी आहेस. खोटी असेल तर माझी इतकी वर्षं पाण्यात गेली. ती पाण्यात जावीत असं मला मनापासून वाटतंय, ताई.

म्हणून नियम मोडून लिहितेय. कामावरून काढलं तर काढू देत. दवाखान्याच्या दारातून तू परत फिरतेस, ठाऊक आहे. तरी सोमवारी मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे तुझी वेळ मी तुला न विचारता घेतली आहे. रविवारी मी येतेय. काही निघालं नाही तर जन्मभर मला हसत राहा. निघालं, तर आईला जो वेळ मिळाला नाही तो तुला मिळालाय, आणि तो मी तुला वाया घालवू देणार नाही.

तुझीच,
धाकटी