मुरी माझी, फोटो तिचा

आदरणीय अल्काताईस रंजिताचा सप्रेम जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? अर्जुनी मोरगावच्या थंडीत भाऊजींचा खोकला वाढला असेल, त्यांना मफलर काढू देऊ नकोस. तुझा फोन दिवसभर नातवाच्या हाती, म्हणून ही चिठ्ठी. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, एक मी सोडून.

कारण माझी धाकटी जाऊ अन्नपूर्णा. तिचा फोटो पेपरात आला. ओंजळीत मुरी, तोंडभर हसू, आणि खाली छापलं ‘ओढ्याची जाणकार’! अगं, लग्न होऊन आली तेव्हा हिनं बेडकाचं पिल्लू धरून ‘मासा सापडला’ म्हणत अख्खा मोहल्ला गोळा केला होता. मुरी म्हणजे काय हे मीच तिला शिकवलं. बोटाएवढा मासा, तोंडाशी मिशा, अंगावर ठिपके, डोळ्याखाली बारीक काटा (हिला टोचला तेव्हा हळद कोणी लावली? मीच). नितळ, वाहतं पाणी आणि खाली बारीक रेती असेल तिथंच ती राहते. रेतीत अंग पुरून नुसते डोळे बाहेर ठेवते. पाणी आटलं की वर येऊन हवेचा घोट घेते आणि पुन्हा बुडी मारते. हे सगळं मी आपल्या आईजवळ शिकली. (तू काठावर बसून बोरं खात होतीस.)

झालं असं की गोंदियाच्या कॉलेजातल्या प्रेरणा मॅडम ओढ्यातले मासे मोजायला आल्या. मी वावरात धान चुरत होती, ही घरी. ओढा कोणाला माहीत आहे, असं त्यांनी विचारताच ही पदर खोचून निघाली. पेपरातला फोटो त्याच दिवशीचा. तेव्हापासून गोरेगावच्या बाजारात लोक तिला थांबवून बोलतात. भाजीवालीनं तिला सांबाराची हिरवीगार जुडी (तुमच्या पेपरवाल्यांची कोथिंबीर) फुकट दिली, मला नाही. आमचे हे (तीस वर्षं माझ्या हातचं जेवून एकदाही ‘चांगलं झालं’ न म्हणणारे रत्नपाल) जेवताना म्हणाले, ‘अन्नपूर्णानं घराचं नाव केलं.’

‘काऊन, मी का बुडवून राहिली का?’ असं विचारलं, तर ते वरण मागू लागले.

मंगळवारी मॅडम पुन्हा येणार होत्या. खोटं कशाला बोलू, ताई, मी जळून राहिली होती. मी सकाळीच ओढ्यावर गेली, वरच्या अंगाला उतरली आणि पायानं पाणी ढवळू लागली. गढूळ पाण्यात त्या चोरटीला एकही मुरी दिसू नये, एवढंच मनात होतं. चार पावलं झाली असतील, शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला आणि मी कमरेएवढ्या पाण्यात बसली. उजवा हात खाली आला, मनगटात कट्ट वाजलं. उठताच येईना. हळूहळू पाणी निवळलं, तशा मुऱ्या माझ्या पायाभोवती येऊन रेतीत तोंड घालू लागल्या. सात मोजल्या! फोटोच्या दिवशी हिला एकच सापडली होती. आणि माझ्या सात बघायला कोणी नाही.

मग त्या दोघी आल्या. अन्नपूर्णा साडीसकट पाण्यात शिरली आणि मला काखेत धरून काठावर घेऊन आली. या इथं काय करत होत्या, असं मॅडमनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, ‘तुमच्यासाठी जागा पाहून राहिल्या होत्या. मले मुरी यांनीच तर दाखवली, मॅडम. खऱ्या जाणकार ह्या.’

ताई, मला रडू आलं. मॅडमना वाटलं हात दुखतो. हात दुखतच होता. पण चांगुलपणातही हीच माझ्यापुढं, हे जास्त दुखलं. महिनाभर प्लास्टर आहे. माझी वेणीसुद्धा तीच घालते, आणि माझ्यापेक्षा चांगली घालते.

तुझी,
रंजिता

ता.क. रविवारी मॅडम आम्हा दोघींचा फोटो काढणार आहेत. तुझी जांभळी साडी एसटीच्या कंडक्टरजवळ पाठव. सांगायचं एवढंच होतं, बाकी उगाच लांबलं.

ता.क. २. अक्षर पाहून बुचकळ्यात पडू नकोस. मी सांगते आणि अन्नपूर्णा लिहिते. घरात दुसऱ्या कोणाचं अक्षर लागत नाही. जे बोलली ते तिच्या तोंडावर बोलली, पाठीमागं नाही.

ता.क. ३. अल्काताई, जयभीम. मी अन्नपूर्णा. रंजिताताईंचा एकही शब्द बदलला नाही, ‘चोरटी’सुद्धा नाही. त्या मंगळवारी ओढ्यात कायले उतरल्या होत्या, हे मात्र मला आत्ता लिहिता लिहिताच कळलं. साड्या दोन पाठवा. जांभळी मला.