बिनझाकणाचे पानदान

मी, बसलिंगप्पा विश्वनाथप्पा मलगे, वय सदुसष्ट, शिक्षण उर्दू चौथी, राहणार उदगीर. जन्मलो तेव्हा जिल्हा बीदर होता, मग उस्मानाबाद झाला, आता चार वर्षांपासून लातूर आहे. गाव तेच आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. नजर कमी झाली असली तरी हे मी स्वतःच्या हाताने, कुणाच्या दडपणाशिवाय लिहीत आहे. हे दोन वर्षांपूर्वीच लिहायला हवे होते. उशीर झाला, त्याबद्दल ज्यांचे नुकसान झाले त्यांची माफी मागतो.

राहते घर मुलगा शरणप्पा यास द्यावे. विहिरीसह शेतही त्यालाच. विहिरीला यंदा पाणी नाही, त्याचा दोष मला देऊ नये.

आजोबांच्या छिन्न्या व हातोड्या बीदरचा जो कारागीर वापरील त्यास फुकट द्याव्यात. शरणप्पास देऊ नयेत. तो त्यांनी रंगाचे डबे उघडतो.

आता मुख्य गोष्ट. माझे आजोबा धोंडप्पा बिदरीकाम करीत, म्हणजे काळ्या धातूत चांदीची तार ठोकून नक्षी बसवीत. संवत छप्पन्नच्या, म्हणजे सन १८९९ च्या दुष्काळात एक इंग्रज साहेब इकडे पाहणीला आला. त्याने आजोबांचे पानदान विलायतेच्या प्रदर्शनात दाखवायला नेले. झाकणाचे काम अर्धे होते, म्हणून ते राहिले. साहेबाच्या मुनशीने उर्दूत पावती दिली. झाकण मागून पाठवा, असा निरोप पुढे दोनदा आला. आजोबा म्हणाले, "डबा येऊ द्या, मग बसवतो." डबा आला नाही.

सन १९७२ च्या दुष्काळात विलायतेच्या संग्रहालयाचे पत्र आले. पानदान त्यांच्याकडे आहे, ते साहेबाला कसे मिळाले, आणि झाकण आहे का, असे विचारले होते. इंग्रजी पत्र माझी पुतणी महानंदा हिने वाचले. पावती मात्र उर्दूत. थोरले बंधू माणिकप्पा यांना उर्दू येत नव्हते. मला शाळेत घातले आणि त्यांना भट्टीवर बसवले होते. त्या साली ते दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि मी तिथेच हजेरी लिहीत होतो.

अण्णा म्हणाले, "बसू, वाच की. दिलं का ठेवलं?"

मी वाचले, "इआनत. म्हणजे मदत म्हणून दिलं, अण्णा."

"आज्जा असं देऊन टाकणारा माणूस न्हवता रं. नीट बघ."

"चौथी तू शिकलास का मी?"

चार माणसांत हे बोललो. अण्णांनी पावती माझ्या अंगावर टाकली. "घे, शिकलेल्या माणसा. तुझा कागद तूच सांभाळ." मग त्यांनी महानंदाकडून इंग्रजीत लिहून घेतले की वस्तू आजोबांनी दिलेली आहे, दिलेले आम्ही परत मागत नाही. खाली सही केली. त्यानंतर त्यांनी भट्टी पेटवली नाही. एकोणऐंशीला वारले.

दोन वर्षांपूर्वी ती पावती उर्दू शाळेच्या निवृत्त मास्तरांना दाखवली. ते म्हणाले, "अजी बसलिंगप्पा, ये ऐन नै, मीम है. अमानत लिखा है." घाईच्या लिहिण्यात ऐन आणि मीम ही दोन अक्षरे सारखीच दिसतात. अमानत म्हणजे विश्वासाने ठेवलेली, परत करायची वस्तू. खरे लिहितो, त्या दिवशीही मला शंका आली होती. वाचणारी माणसे गावात होती. अण्णांसमोर दुसऱ्याला विचारायची मला लाज वाटली.

अण्णा गेल्यावर गुरम्मा वहिनी म्हणाल्या होत्या, "भावजी, झाकण तरी द्या." मी दिले नाही. वाटणीत मला आले आहे म्हणून कोर्टात दोन वर्षे भांडलो आणि जिंकलो. ते माझे नव्हते.

म्हणून झाकण व पावती दोन्ही महानंदा हिला द्यावे. ती धर्माबादला शाळेत शिकवते. शरणप्पाने हरकत घेऊ नये. तो म्हणतो, "आप्पा, नुसत्या झाकणाला घेऊन काय करता? डबा गोऱ्याच्या घरी हाय." त्याने हैदराबादचा एक व्यापारी घरी आणला होता. त्या व्यापाऱ्याने झाकण नखाने खरवडून पाहिले. मी जेवलो नाही त्या दिवशी.

महानंदाने संग्रहालयास दुसरे पत्र लिहावे. त्यात चूक माझ्या नावाने लिहावी, तिच्या वडिलांच्या नव्हे. पावतीची नक्कल पाठवावी, मूळ कागद देऊ नये. झाकणही पाठवू नये, त्यांनी कितीही गोड लिहिले तरी.

मला अण्णांच्या शेजारी पुरावे. वहिनींची हरकत असल्यास कुठेही.

साक्षीदार:
१) किशनराव बिरादार, शेजारी (सही)
२) पंचशीला सोनकांबळे, शिक्षिका (सही)

बसलिंगप्पा विश्वनाथप्पा मलगे (सही)
उदगीर, जि. लातूर. ता. ८ मे १९८६

ता. क. महानंदा, याची एक प्रत तुला आजच रजिस्टर टपालाने पाठवत आहे. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, हे मला कळते. पण शरणप्पाचा व्यापारी अमावास्येनंतर पुन्हा येणार आहे आणि मला कपाटाची किल्ली धड सांभाळता येत नाही. माझ्याशी बोलू नकोस, दारातूनच झाकण घेऊन जा. येणार नसशील तर तसे तरी लिही. पण लवकर कळव.