सरस्वतीपुढचे जहाज

नंदुरबार, ता. २ ऑक्टोबर १९३७

ती. आजी व आजोबांस प्रमिलेचा शि. सा. न. वि. वि.

आजी, बातमी ऐकून दळण सोडून उठशील! हायस्कुलाच्या ग्रंथालयाचे कार्ड मला मिळाले! मुलगे पुस्तके घरी नेतात. मी, धनु आणि भिकु मात्र तिथेच बाकावर बसून वाचायचो. आम्ही तिघींनी अर्ज केला. ग्रंथपाल नवलसिंग सर म्हणाले, आधी एकीला देऊन पाहू. पुस्तक पंधरा दिवसांत, डाग न पडता परत आले तर तिघींना कार्ड. नाहीतर एकीलाही नाही. चिठ्ठ्या टाकल्या, माझी निघाली! समुद्रावरच्या सफरीचे पुस्तक घेतले आहे. उद्या मामांबरोबर येते, तेव्हा दाखवीन.

तुझी लाडकी,
प्रमिला

प्रकाशे, आश्विन शु. ६

चि. प्रमिलेस आजीचे पोटभर आशीर्वाद.

लिहिणारे तुझे आजोबा. मी अहिराणीत बोलते, हे शुद्ध करून लिहितात. त्यात माझा निम्मा राग सांडतो, उरलेला तू समजून घे.

पुस्तक विसरून गेलीस आणि आता मामांकडून निरोप, लगेच पाठवा. कसे पाठवू, माय? घट बसले त्या दिवशी घरातली पाटी, पोथी, ह्यांचा दौत-टाक, सगळे सरस्वतीपुढे मांडले. तुझे पुस्तक का उपाशी ठेवायचे? त्याच्यावर पाची बोटांनी हळदकुंकू वाहिले आहे. छान दिसते. आता दसऱ्याशिवाय हलणार नाही. हे म्हणतात, घात केलास. ह्यांना दर नवरात्रात असेच वाटते.

मायेने तुझी,
आजी

नंदुरबार, ता. १२ ऑक्टोबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

आजी, पाची बोटांनी? पुस्तकावर? शनिवारी मुदत संपते! धनु माझ्याशी बोलत नाही, भिकु बोलते ते ऐकवत नाही. सर तर शाईचा ठिपका दिसला तरी कार्ड काढून घेतात. आता काय करू? काहीतरी कर, नाहीतर आम्ही तिघी पुन्हा बाकावर.

रडवेली,
प्रमिला

प्रकाशे, आश्विन शु. १३

चि. प्रमिलेस अनेक आशीर्वाद, डोळे पूस.

काल तू वर्गात होतीस तेव्हा आम्ही दोघे तुझ्या हायस्कुलात येऊन गेलो. दसऱ्याला पुस्तक उठवले, तेव्हापासून हे मला वाचून दाखवत होते. तापी नावेने ओलांडताना वाचले, पुढे दमणीत हादरे खात वाचले. बैलसुद्धा कान देऊन चालत होते.

तुझे नवलसिंग सर पुस्तक पाहून मिरचीसारखे लाल झाले. मी विचारले, तुमच्या घरी पोथीला कुंकू वाहत नाहीत का? ते म्हणाले, पोथी घरची असते आजी, हे पुस्तक साऱ्या गावाच्या पोरांचे. ते मला पटले. हे लिहिताना दोनदा विचारताहेत, खरंच पटले का? लिहा म्हटले, मुकाट्याने.

मग मी पिशवीतून तीन बासने काढली. पोथी गुंडाळायला असते तशीच, माझ्या जुन्या लुगड्याची शिवली होती. म्हटले, यापुढे पोरी पुस्तक ह्यात बांधून नेतील. पूजा करायची ती बासनाची करू, पुस्तकाला बोट लागणार नाही. सरांनी गाठ बांधून पाहिली, सोडून पाहिली, पुन्हा बांधली. मग हसले. म्हणाले, मुलग्यांनासुद्धा शिवून द्याल का? म्हटले, त्यांना आज्या नाहीत का?

कार्ड तिघींना मिळाले, पोरी! पत्र मिळताच सरांकडून घ्या. आणि धनु-भिकुला सांग, आता आपण होऊन बोला, नाहीतर बासन परत मागीन.

पण माझे मोठे नुकसान झाले शे. (हा माझा अहिराणी 'शे' ह्यांना खोडू दिला नाही.) दमणी हायस्कुलाच्या दाराशी उभी राहिली, तेव्हा शेवटची पाने राहिली होती. जहाज बर्फात अडकलेले, माणसे कुडकुडताहेत, आणि ती तशीच सोडून मी पुस्तक कपाटात देऊन आले. हेही सकाळपासून विचारताहेत, ती सुटली असतील का? तेव्हा नवे काही घेऊ नकोस. दिवाळीला येताना तेच पुस्तक आण, आणि आधी त्यांना बर्फातून काढ.

वाट पाहणारी,
आजी